साडूचा हिरवा दिवा

४ जानेवारी

आजपासून दैनंदिनी. खरं तर एक तारखेलाच सुरू करणार होतो, पण त्यानंतर लिहिण्यासारखं काही घडलंच नाही आणि उगाच पानं भरण्याचा माझा स्वभाव नाही. पुढेमागे आमच्या धंद्याचा इतिहास लिहायला कुणी बसलं तर त्याला खरं काय ते माझ्याकडून कळावं, एवढाच हेतू. नाहीतर साडू आपला इतिहास आधी लिहून मोकळा होईल. सगळं माझ्या आधी करायची त्याला खोडच आहे.

धंदा असा: आम्ही मेलचे फोन बनवतो. तळहातावर मावणारा फोन, खाली बारीक बारीक बटणं, दोन अंगठ्यांनी मेल लिहायचा आणि पाठवून द्यायचा. रस्त्याच्या पलीकडे, माझ्या खिडकीच्या नेमका समोर, साडूचा कारखाना आहे. तोही हेच बनवतो. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सात वर्षांपूर्वी आमचा कारखाना एकच होता, पाटी एक होती, चहाची किटलीही एक होती. मग प्रश्न निघाला, मेल आल्यावर फोनवरचा बारका दिवा कोणत्या रंगाचा लागावा. मी म्हटलं लाल, माणसाचं लक्ष गेलं पाहिजे. तो म्हणाला हिरवा, माणूस दचकता कामा नये. शब्दाने शब्द वाढला. तो मेलवाली माणसं घेऊन पलीकडे गेला, माझ्याकडे बटणवाली राहिली. किटली त्याने नेली.

तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही. बायका मात्र रोज बोलतात. सख्ख्या बहिणी आहेत, बोलणारच. धंद्यातलं त्यांना काय कळतंय.

आज लिहायला बसलो त्याचं कारण गंभीर आहे. आमचे फोन गावोगावच्या दुकानांतून विकते ती टेलिफोन कंपनी. तिने कळवलंय की एप्रिलपासून दुकानात मेलचा एकच फोन राहील. माझा, नाहीतर साडूचा. त्यात भर म्हणजे बडी कंपनी म्हणे एक नुसत्या काचेचा फोन आणते आहे. त्यावर एकही बटण नाही! बटणं नसलेला फोन म्हणजे दात नसलेलं तोंड. बोलेल बिचारं, पण चावणार कसं? मी हसलो. पण आमच्या बटणांच्या बाकांवर चाळीस माणसं बसतात, ती काही हसली नाहीत.

९ जानेवारी

आज नवा फोन घरच्या चाचणीला आणला. आमच्या धंद्यातला हा जुना रिवाज. फोन बाजारात जाण्याआधी महिनाभर घरातल्या माणसाच्या हातात द्यायचा. घरात टिकला की जगात टिकतो. हा रिवाज मी सुरू केला. साडू सांगतो त्याने केला. काही का असेना, तोही अजून पाळतो, असं कानावर आहे.

तर फोन हिला दिला. तिच्यासाठी नवं खातं काढायला सांगितलं असतं तर आमच्या मेलविभागाच्या प्रमुखाने त्यात वसंत ऋतू उजाडवला असता. त्याचं नाव कारखान्यात सगळ्यांनी ‘उद्या-होईल’ ठेवलंय. म्हणून मी माझंच खातं त्या फोनवर चढवलं. आता माझे मेल माझ्या फोनवरही येतात आणि हिच्याही. अर्धवट लिहून ठेवलेले मेलही दोन्हीकडे दिसतात. पाठवलेला मेल मात्र ज्या फोनवरून गेला त्याच फोनवर दिसतो, दुसऱ्यावर नाही. ही खोट दुरुस्त व्हायची आहे. कधी, ते प्रमुखाच्या नावावरून ओळखावं.

“मला कोण मेल पाठवणार?” हिने विचारलं.

“तू वाचायचं नाहीस. नुसती बटणं दाबायची आणि कुठलं अडतं ते मला सांगायचं.”

“बरं,” ही म्हणाली.

बावीस वर्षांच्या संसारात ही इतक्या पटकन ‘बरं’ म्हणाल्याचं मला आठवत नाही.

१८ जानेवारी

दुर्बीण घेतली. दुकानदाराला सांगितलं, पक्षी बघायला. खिडकीतून साडूच्या कारखान्याचं मागचं दार स्वच्छ दिसतं. दुपारी झाडूवाली बाहेर आली. तिच्या सुपलीत काय असावं? बटणं! ओंजळभर बटणं! साडूच्या फोनची बटणं गळतात हे मी ऐकून होतो, आज डोळ्यांनी पाहिलं. त्याची माणसं म्हणे दुकानदारांना सांगतात की लोकांचे अंगठेच जाड असतात. नाचता येईना अंगण वाकडं.

आमच्यातही एक उणीव आहे, दैनंदिनीत लपवून काय करू. आमचा मेल स्वतःच्या मर्जीने पोचतो. परवा एका दुकानदाराने मला जेवायला बोलावलं. बोलावणं पोचलं तेव्हा तो जेवून, हात धुऊन, रागावून झोपला होता.

पण माझ्या डोक्यात झाडूवालीची सुपली बसली. लगेच जाहिरातवाल्याला मेल लिहायला घेतला. मोठं चित्र काढायचं: एक झाडू, एक सुपली, सुपलीत बटणं. खाली लिहायचं, ‘शेजाऱ्यांची बटणं केरात. आमची जागेवर.’ लिहिताना मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की मेल अर्धवट ठेवून उठलो, दोन येरझाऱ्या घातल्या आणि मग तो पाठवला.

संध्याकाळी घरी आलो तर ही गॅलरीत बसून फोनची बटणं दाबत होती. अंगठे काय चालत होते! आमच्या चाचणीविभागातल्या पोरींनाही तो वेग नाही. मी म्हटलं, “दमू नकोस. थोडी थोडी दाब.”

“नाही हो, दाबता दाबता वेळ कसा जातो कळतच नाही,” ही म्हणाली आणि फोनकडे बघून हसली. आमचा फोन नुसता हातात धरूनही माणूस खूश होतो. हे विक्रीवाल्यांना सांगायला हवं.

२५ जानेवारी

घात झाला.

जाहिरात लागली. झाडू नाही, सुपली नाही, शेजारी नाही. नुसता आमचा फोन आणि खाली ‘घरच्यांशी बोलत राहा.’ मी जाहिरातवाल्याच्या अंगावरच गेलो. त्याने शांतपणे मला मेल दाखवला. माझ्या पत्त्यावरून गेलेला, माझ्याच नावाने: ‘झाडू-सुपली काढून टाका. घरातल्या माणसाची अशी चव्हाट्यावर शोभा करू नये. आणि तुम्ही जेवणाच्या वेळा पाळत जा, परवा फार दमलेले दिसलात.’

मी असलं काही लिहिलेलं नाही. माझा फोन उलटासुलटा करून पाहिला, त्यात असा मेलच नाही. कुणाच्या जेवणाच्या वेळांची चौकशी मी आयुष्यात केलेली नाही.

उद्या-होईलला बोलावलं.

“साहेब, मेल तुमच्याच खात्यातून गेलाय. आपल्याच फोनवरून.”

“माझा फोन माझ्या खिशात होता!”

“या खात्यावर दुसरा फोन आहे का?”

“एक आहे, हिच्याकडे. पण ती नुसती बटणं दाबते.”

 तो जाता जाता पुटपुटला, “काखेत कळसा नि गावाला वळसा.” बरोबरच आहे. कळसा साडूच्या काखेत आहे. सात वर्षांपूर्वी मेलवाली माणसं तोच घेऊन गेला, माझ्या खात्यात शिरण्याची वाट त्यालाच ठाऊक असणार.

२ फेब्रुवारी

सापळा लावला. काल उद्या-होईलला मुद्दाम मेल लिहिला, पुन्हा वाचायला तासभर अर्धवट ठेवला आणि मग पाठवला: ‘उद्या चार वाजता चौकातल्या कॉफीच्या दुकानात मी काचवाल्या बड्या कंपनीच्या माणसाला भेटणार आहे. कुणाला कळता कामा नये.’ सगळं खोटं. साडू माझे मेल वाचत असेल तर तिथे कडमडल्याशिवाय राहायचा नाही.

सकाळी ही म्हणाली, “आज तो कोपरावर विरलेला स्वेटर नको, निळा घाला. बाहेर बसणार तर जरा बरं दिसावं.”

मी बाहेर बसणार आहे हे मी हिला सांगितलंच नव्हतं! इतक्या वर्षांनी बायकोला नवऱ्याच्या मनातलं वाचता येतं म्हणतात ते खोटं नाही. त्यातून माझ्या मनातलं वाचायचं म्हणजे जरा जास्तच हुशारी लागते, हे तिच्या बाजूने नमूद करतो.

चारला वर्तमानपत्राआड बसलो. पाचच मिनिटांत साडू आला! इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. शेजारच्या टेबलावर बसला आणि त्यानेही वर्तमानपत्र उघडलं. मी वर्तमानपत्राच्या वरून पाहिलं, तो खालून बघत होता. दोघांनी पानं उलटली.

कॉफी आणून देणारी मुलगी आली. “आपण दोघं एकत्र आहात का?”

“नाही!” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

त्याने बिनसाखरेची कॉफी मागवली. साडूने बिनसाखरेची! एकत्र होतो तेव्हा हा माणूस साखरेत कॉफी घालून प्यायचा. साखर कधी बंद झाली? डॉक्टरने केली का? मला कुणी सांगितलं कसं नाही? वर्तमानपत्राचं तेच पान मी तीनदा वाचलं आणि काय वाचलं ते आता सांगता येणार नाही.

असो. चोर पकडला, एवढं खरं. घरी येऊन हिला विजयाने सांगितलं. हिने एवढंच विचारलं, “मग बोललात का काही?”

“चोराशी काय बोलायचं?”

हिने कपाळावर हात मारला. धक्का बसला असणार, मेव्हणा झाला तरी माहेरच्या बाजूचा माणूस.

१२ फेब्रुवारी

टेलिफोन कंपनीच्या खरेदीबाईंनी आज निकाल द्यायला बोलावलं. बाहेरच्या बाकावर मी या टोकाला, साडू त्या टोकाला, मध्ये कुंडीतलं झाड. मग दोघांना एकदमच आत बोलावलं. टेबलावर दोन्ही फोन. साडूच्या फोनची तीन बटणं बाजूला बशीत ठेवली होती.

बाई स्पष्ट बोलणाऱ्या. “यांची बटणं उत्तम, मेल रडका. त्यांचा मेल उत्तम, बटणं रडकी. मला यांची बटणं आणि त्यांचा मेल एकाच फोनात हवाय. मार्चच्या दहा तारखेपर्यंत आणा. नाही आणलात तर दोघांनाही नमस्कार. काचवाले दाराशी उभेच आहेत.”

मी साडूकडे पाहिलं नाही. त्यानेही पाहिलं नसावं, कारण दोघेही दारात एकमेकांवर आपटलो.

उतरताना मनाशी पक्कं केलं. त्याने विचारलं तर विचार करीन. पण आधी त्याने विचारलं पाहिजे. मी मोठा साडू आहे, आणि किटली त्याने नेली आहे.

२० फेब्रुवारी

त्याने विचारलं नाही.

आज बटणांच्या बाकांवरून फिरत होतो. पहिल्या बाकावरची बाई, आमची सगळ्यांत जुनी कामगार, चिमट्याने बटणं बसवते. तिने मला थांबवलं. “साहेब, डोळ्यांचा नंबर वाढलाय. या कामासाठी नवा चष्मा करायला टाकू, की थांबू?”

 “बघतो,” म्हणालो. चष्म्यात मी काय बघणार होतो? तिनेही मान डोलावली आणि पुढचं बटण उचललं. मला लाज वाटली, आणि भीतीही. चाळीस माणसं एका दिव्याच्या रंगापायी घरी बसणार, आणि मी खिडकीत दुर्बीण घेऊन उभा.

खोलीचं दार लावून घेतलं आणि साडूला मेल लिहिला. मोठा लिहायचा होता, पण एवढंच आलं: ‘अरे, बटणं माझ्याकडे आहेत, पण माझं म्हणणं पोचवायला तुझ्याशिवाय कुणी नाही. ये आता. साखर कधीपासून बंद झाली?’

पाठवायच्या बटणावर अंगठा नेला. अंगठा पुढे जाईना. आमच्या कारखान्याचं बटण आज पहिल्यांदा अडलं आणि त्यात बटणाची काही चूक नव्हती. मेल तसाच अर्धवट ठेवून घरी आलो.

हिने विचारलं, “आज काही लिहायचं राहिलंय का तुमचं?”

“मला काय लिहायचंय!” मी म्हणालो. ती म्हणाली, “बरं.” अलीकडे फार ‘बरं’ म्हणायला लागली आहे.

२१ फेब्रुवारी

जिंकलो! सकाळी फोनवर लाल दिवा. साडूचा मेल! त्याने आधी लिहिलं, मी नाही! शब्दशः उतरवून ठेवतो, इतिहासाला उपयोग होईल:

‘दादा, सात वर्षं फुकट घालवली आपण. तुमच्यासारखी बटणं मला जमली नाहीत आणि तुमच्याशिवाय करमलंही नाही. रविवारी तुमच्या कारखान्यात येतो. गार हवा सुटली आहे, गुडघ्याला तेल लावत जा आणि कानाला मफलर बांधल्याशिवाय बाहेर पडू नका.’

माझ्या गुडघ्याचं त्याला कसं कळलं? हेरगिरी, दुसरं काय. पण खरं सांगतो, राग नाही आला. मफलर बांधून बाहेर पडलो.

माझा कालचा अर्धवट मेल आता खोडून टाकावा म्हणून शोधला तर फोनात नाहीच. आमच्या मेलविभागाने गिळला. एरवी शिव्या दिल्या असत्या, आज आभार मानले. तो मेल चुकून गेला असता तर साडूआधी मी वाकलो असं झालं असतं!

२४ फेब्रुवारी

साडू आला. एका हातात किटली. आत येऊन तसाच उभा राहिला. मी किटली घेतली, तो म्हणाला, “दादा, मोठेपणा तुमचा.”

माझ्या नम्र समजुतीप्रमाणे मोठेपणा त्याचा होता, कारण लिहिलं त्याने. पण आलेल्या माणसाचं म्हणणं खोडून कशाला काढा? मी म्हटलं, “चालायचंच.”

“चार ओळीच लिहिल्यात, पण मी दोनदा वाचल्या. रक्तातली साखर वाढायला लागली होती, म्हणून दोन वर्षांपूर्वी बंद केली.”

मी विचारण्याआधीच त्याने साखरेचं सांगितलं! मनातलं ओळखणारी माणसं माझ्याभोवती वाढत चालली आहेत. मग तो जरा कचरत म्हणाला, “एक विचारू? तुम्ही माझे मेल वाचत होतात ना? माझ्या दुकानदारांना माझ्या नावाने भलतेच मेल जायचे. ‘समोरच्यांना नावं ठेवू नका’ म्हणून.”

“मी? अरे, तूच माझे वाचत होतास!”

 दोघांनाही कळलं की समोरचा खोटं बोलतोय, आणि दोघांनीही ते पोटात घातलं. भागीदारी म्हणजे हेच असतं.

त्यानंतर त्याची मेलवाली आणि माझी बटणवाली माणसं एका टेबलाशी बसली. पहिल्या बाकावरच्या बाईला मी स्वतः जाऊन सांगितलं, “चष्मा टाका करायला.”

७ मार्च

आज आमच्या घरी करार. जेवणाच्या टेबलावर कागद, एका बाजूला मी, समोर साडू. दोघी बहिणी स्वयंपाकघरात. सगळं ठरलं: पाटी एक, बटणं माझी, मेल त्याचा, किटली सामाईक. सह्या करायला पेनं उघडली आणि साडू म्हणाला, “दिवा हिरवा, हे गृहीत आहे ना?”

“गृहीत कसं? लाल!”

“दादा, माणूस दचकतो.”

“दचकलाच पाहिजे! मेल आलाय, मांजर नाही आलं!”

पेनं बंद झाली. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि भिंतीकडे बघायला लागला. मी खिडकीकडे. खरेदीबाईंची तारीख तीन दिवसांवर, आणि आम्ही पुन्हा तिथेच, सात वर्षांपूर्वीच्याच टेबलावर.   स्वयंपाकघरातली भांडीही वाजायची थांबली होती.

तेवढ्यात माझ्या फोनवर दिवा लागला. मेल साडूचा! ‘दादा, लालच ठेवा. रंगापेक्षा तुम्ही मोठे.’

मी मान वर केली. तो अजून भिंतीकडेच बघत होता, बिचारा. तोंडाने बोलायला जड गेलं असणार.  मी काही बोलणार इतक्यात दाराजवळ खुंटीवर टांगलेल्या त्याच्या कोटात काहीतरी वाजलं. तो उठला, खिशातून फोन काढला, वाचला, तिथेच पाठमोरा उभा राहिला. परत आला तेव्हा डोळे ओले होते.

“दादा, लाल,” तो म्हणाला. “माझं चुकलं. लालच.”

“छे, छे! हिरवा!”

“लाल म्हणतो ना मी!”

“मी मोठा आहे, हिरवाच लागणार!”

“तुमचा हाच हेकटपणा मला सात वर्षांपूर्वी…”

“हेकट कोण? लाल लाल करत कोण बसलंय?”

आवाज इतका चढला की दोघी बाहेर आल्या. दोघींचेही हात पदराखाली. मेव्हणी म्हणाली, “भाऊजी, दोन्ही लावा की.” आणि ही म्हणाली, “घरच्या माणसाचा मेल आला तर हिरवा, बाहेरच्याचा आला तर लाल. लक्षही जाईल, दचकायलाही होणार नाही.”

मी साडूकडे पाहिलं, साडूने माझ्याकडे. सह्या झाल्या. दोघींना धंद्यातलं काही कळत नाही, पण कधी कधी आंधळ्याचाही नेम लागतो.

१२ मार्च

खरेदीबाईंनी परवा फोन घेतला, दोन तास दाबून पाहिला आणि होकार दिला. एकही बटण पडलं नाही, एकही मेल वाटेत झोपला नाही. काचवाले येणारच, आज ना उद्या, ते मलाही दिसतं. पण आले तर आता त्यांना दोन साडू एका दारात उभे दिसतील.

हिला म्हटलं, “चाचणी संपली, तो फोन परत दे.”

“एवढ्यात कुठे संपली?” ही म्हणाली.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. त्या दिवशी मला साडूचा मेल आला तेव्हा त्याचे दोन्ही हात माझ्यासमोर टेबलावर होते आणि फोन खुंटीवरच्या कोटात. म्हणजे हात न लावता मेल पाठवायची काहीतरी युक्ती त्याच्याकडे आहे, आणि करार झाल्यावरही त्याने ती मला दाखवलेली नाही. हिला बोलून दाखवलं तर हिला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, “विचारू नका त्यांना. त्यांनाही तुमच्याबद्दल हेच वाटत असेल.”

नाही विचारणार. पूर्वी एवढ्यावरून मी कारखान्याच्या मध्ये भिंत घातली असती. दाखवेल तेव्हा दाखवेल.

हे कारखान्यात बसून लिहितोय. आत्ताच दिवा लागला, हिरवा. ‘दादा, रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला. स्वेटर निळाच घाला.’ खिडकीशी गेलो. समोरच्या खिडकीत साडू उभा होता, मला बघून दोन्ही हात हलवत होता. दोन्ही हात रिकामे! काय माणूस आहे! मीही दोन्ही हात हलवले.